परसातील कोंबड्या वन्य शिकाऱ्यांपासून कशा वाचवाव्यात?

मोहन नगर (भिलाई) : रात्री खुराड्यात दहा कोंबड्या कोंडाव्यात आणि सकाळी दार उघडल्यावर सात मेलेल्या, एक नाहीशी झालेली व दोन कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या दिसाव्यात, हा अनुभव परसात कोंबड्या पाळणाऱ्या अनेक घरांच्या वाट्याला येतो. घरातील माणसे आधी ‘रानमांजर आले’ असे म्हणतात, मग काठी घेऊन दोन रात्री जागतात आणि तिसऱ्या रात्री थकून झोपतात. पाहुणा बहुधा त्यानंतरच परततो.

दुर्ग-भिलाई या जोडशहरातील मोहन नगर ही दाट लोकवस्ती आहे, तिथे जंगल नाही. मात्र शहराच्या पश्चिमेस शिवनाथ नदीचा काठ आहे आणि शहराची हद्द संपताच धानाची खाचरे, बांधांवरील झुडपे, तलावांचे काठ व बोरी-बाभळीची रानपट्टी सुरू होते. मुंगूस, रानमांजर, ऊदमांजर आणि कोल्हा यांना राहण्यासाठी घनदाट अरण्य लागत नाही. उंदीर, बेडूक, पाणी आणि दिवसा दडण्यापुरती जागा मिळाली की त्यांचे भागते. नाले, रेल्वेमार्गालगतचे गवत आणि मोकळे पडलेले भूखंड यांतून हे प्राणी वस्तीच्या आत सहज येतात. त्यामुळे कोंबड्यांच्या राखणीचा प्रश्न बस्तरच्या किंवा गडचिरोलीच्या जंगलालगतच्या पाड्यांना जसा पडतो, तसाच तो पोलाद कारखान्याच्या या शहराच्या कडेलाही पडतो.

हा प्रश्न किरकोळ वाटत असला तरी त्याचा विस्तार मोठा आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची एकूण संख्या ८५.१८ कोटी होती. त्यांपैकी ३१.७० कोटी पक्षी परसातील कुक्कुटपालनात होते आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत ही परसातील संख्या ४५.८ टक्क्यांनी वाढली होती. छत्तीसगडमध्ये घरामागील भाजीपाल्याच्या तुकड्याला ‘बाडी’ म्हणतात. ‘नरवा, गरवा, घुरवा, बाडी’ या राज्याच्या गाजलेल्या योजनेने हा शब्द शासकीय कागदांवरही आणला. बाडीतील कोंबड्यांचा हिशेब बहुतेक घरांत बाईच्या हाती असतो. शाळेचे शुल्क, औषध, पाहुण्यांचे जेवण असा अचानक आलेला खर्च त्यातून निघतो. देशी कोंबडी साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते आणि वर्षाला ५० ते ६० अंडी देते. अंड्यावर आलेली कोंबडी एका रात्रीत गेली, तर तिच्याबरोबर सहा महिन्यांचे दाणापाणी जाते आणि पुढील पिल्लांची आईही जाते. बाजारातून आणलेली नवी कोंबडी ती जागा लगेच भरून काढू शकत नाही.

राखणीचा पहिला भाग म्हणजे चोर ओळखणे. इथेच बहुतेक वेळा चूक होते, कारण आळ घेतला जातो तो नेहमी सर्वांत रानटी दिसणाऱ्या प्राण्यावर. मागे राहिलेल्या खुणा नीट पाहिल्या तर वेगळेच नाव समोर येऊ शकते. अनेक कोंबड्या मेलेल्या, अंगे फाटलेली, पिसे आवारभर विखुरलेली आणि तरीही फारसे मांस खाल्लेले नाही, असे असेल तर संशय भटक्या कुत्र्यांवर जातो. मान व डोके यांवर बारीक खोल चावे, बाकी शरीर जवळजवळ शाबूत आणि खुराड्याला जेमतेम मूठभर फट, ही मुंगसाची शैली आहे. एकच कोंबडी नाहीशी, कुंपणाकडे जाणारी पिसांची तुटक रेघ आणि बाकीचा कळप सुखरूप असेल, तर रानमांजर किंवा कोल्हा शिकार उचलून घेऊन गेला असे मानता येते. भरदिवसा पिल्लू गेले आणि जमिनीवर काहीच खूण नसेल तर आकाशाकडे पाहावे. घार, शिक्रा आणि कावळा हे तिघेही पिल्लांवर टपलेले असतात. उघड्यावर एका जागी उपटलेल्या पिसांचे वर्तुळ दिसले तर तिथे शिकारी पक्षी बसून जेवला आहे. खुडूक कोंबडीखालची अंडी टरफलासकट गेली आणि दार-जाळी जागच्या जागी असेल, तर नाग किंवा धामण यांचा विचार करावा. घोरपडही अंड्यांची शौकीन आहे. आणि रोज एक-एक बारीक पिल्लू कमी होत असेल, कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसत असेल, तर तो उद्योग घुशीचा असण्याची शक्यता फार मोठी असते.

या खुणा न्यायालयातल्या पुराव्यासारख्या पक्क्या नसतात. कुत्र्याने मारलेली कोंबडी पहाटे मुंगूस कुरतडते, कावळे तिची उरलीसुरली ओळख पुसतात. म्हणून जाणकार मेलेल्या पक्ष्यापेक्षा भोकाकडे आधी पाहतात. प्राणी कुठून आत आला, ते छिद्र केवढे आहे, जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि कडेला केस अडकले आहेत का, यांवरून ओळख तर पटतेच, पण दुरुस्ती कुठे करायची तेही कळते. दाराबाहेर संध्याकाळी चाळलेल्या मातीचा किंवा राखेचा पातळ थर पसरून ठेवला, तर सकाळी त्यावर पावलांचे ठसे मिळतात. कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशात नखे उमटतात, मांजराच्या ठशात ती बहुधा उमटत नाहीत.

एका प्राण्याला एक कोंबडी पुरली असती, मग त्याने सात का मारल्या? या प्रश्नातून ‘क्रूर’, ‘माजलेला’ अशी विशेषणे जन्माला येतात आणि बदल्याची भावनाही. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये गरजेपेक्षा जास्त होणाऱ्या अशा शिकारीचा अभ्यास मांडला. काळोख्या रात्री जमिनीवर घरटी करून बसलेल्या कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत कोल्ह्याच्या जातीचा प्राणी शिरला की तो एकामागून एक पक्षी मारत जातो आणि त्यांतले फार थोडे खातो, असे त्यांना आढळले होते. शोधणे, पकडणे, मारणे आणि खाणे या शिकारी प्राण्याच्या वेगवेगळ्या क्रिया आहेत. पोट भरले की शोध थांबतो, परंतु फडफडणारे सावज समोरच असेल तर पकडण्याची क्रिया पुन्हा चालू होते. रानात ही वेळ क्वचित येते, कारण एक पक्षी पकडला गेला की बाकीचे उडून जातात. बंद खुराड्यात उडून जायला जागाच नसते. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, ती दांडीवर जागच्या जागी बसून राहते किंवा भिंतीवर आपटत राहते. म्हणजे निसर्गाने शिकाऱ्याला घातलेला लगाम खुराड्याच्या भिंती काढून घेतात. कच्चे खुराडे हे उघड्या झाडापेक्षाही धोक्याचे ठरते, ते याच कारणाने.

कोंबडीला स्वतःचे रक्षण अजिबात करता येत नाही, असे मात्र नाही. ती ज्या तांबड्या रानकोंबड्याची वंशज आहे, तो आजही मध्य भारतातील सालवनांत आढळतो आणि रात्री झाडाच्या फांदीवर बसतो. त्याच्या सवयींचा मोठा भाग गावठी कोंबडीत टिकून आहे. कोंबडा दोन प्रकारच्या धोक्यांसाठी दोन वेगळ्या हाका देतो, हे पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. आकाशात ससाणा दिसला तर बारीक, लांबट, शिटीसारखा आवाज येतो आणि जमिनीवर प्राणी दिसला तर तुटक, कर्कश, वाढत जाणारा कलकलाट होतो. ध्वनिमुद्रित केलेल्या हाका ऐकवल्या तेव्हा आजूबाजूला शिकारी नसतानाही कोंबड्यांनी त्या-त्या हाकेप्रमाणे प्रतिसाद दिला. पहिली हाक ऐकून त्या आडोशाला पळाल्या किंवा दबून वर पाहू लागल्या, दुसरी हाक ऐकून मान ताठ करून चहूकडे पाहू लागल्या. आणखी एक गंमतीची बाब म्हणजे जवळ कोंबडी असेल तेव्हा कोंबडा आकाशातील धोक्याची हाक अधिक वेळा देतो, एकटा असला तर बरेचदा गप्प राहतो. परसात एक जाणता कोंबडा बाळगण्याची गावोगावची रीत केवळ पिल्लांसाठी नाही. ज्या घरात अंड्यांचाच हिशेब पाहून कोंबडा विकला जातो, तिथे पहारेकरीही विकला जातो.

जातीची निवडही याच कसोटीवर करता येते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या परसातील पक्ष्यांची पिसे रंगीत आहेत. रंगीत पक्षी माती-पाचोळ्यात मिसळून जातो, पांढरा पक्षी घारीला दुरूनही दिसतो. बरेली जिल्ह्यातील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील जातीच्या रक्तातून तयार केलेल्या पक्ष्याचे नावच ‘निर्भीक’ आहे. असील ही झुंजीसाठी प्रसिद्ध असलेली जात बस्तर भागात पूर्वापार पाळली जाते. चपळ, लांब पायांचा, आक्रमक पक्षी दिवसा कुत्र्या-मांजरांपासून आणि पक्ष्यांपासून स्वतःला बऱ्यापैकी वाचवतो. मांसासाठी वाढवलेला जड ब्रॉयलर पक्षी मात्र मोकळा सोडणे म्हणजे शिकाऱ्याला ताट वाढून देण्यासारखे आहे. त्याला धावताही येत नाही आणि उडताही येत नाही. अर्थात रात्रीच्या अंधारात निर्भीक आणि वनराजा यांच्यात फरक उरत नाही. तिथे सगळी भिस्त खुराड्यावर असते.

खुराड्यातील सर्वांत महागडी चूक जाळीची आहे. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी बनलेली आहे, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. कुत्रा ती दातांनी फाडतो, ऊदमांजर पंजा घालून दांडीवरची कोंबडी ओढते, उंदीर आणि साप तर छिद्रांतून सरळ आत येतात. तिच्याऐवजी प्रत्येक सांध्यावर जोडलेली, अर्धा इंच चौकोनाची जाड वेल्डमेश जाळी लावावी. तिचा खर्च बराच जास्त येतो, हे खरे. म्हणून सगळ्या आवाराला ती न लावता फक्त रात्रीच्या खुराड्याला लावणे हा व्यवहार्य मार्ग आहे. दिवसाच्या आवाराला साधी जाळी किंवा बांबूचे कूड चालते. जाळी खिळ्यांनी अडकवून भागत नाही, लाकडी पट्टी दाबून स्क्रूने आवळावी लागते. नाहीतर कुत्रा जाळी तोडत नाही, कडेने उचकटतो.

जमिनीकडून येणाऱ्यांसाठी वेगळा उपाय लागतो. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी पायाशी उकरायला लागतो. चार बोटे मागे सरकून तिरपा बोगदा काढावा, हे त्याला सहसा सुचत नाही. या सवयीचा फायदा घेऊन जाळीची साधारण एक फूट रुंदीची पट्टी भिंतीपासून बाहेरच्या बाजूस जमिनीवर आडवी पसरतात, भिंतीच्या जाळीला तारेने शिवतात आणि वर माती व दगड टाकतात. उकरणाऱ्याचा पंजा जाळीला लागतो आणि तो दुसरी जागा शोधत निघून जातो. खोल खंदक खणून जाळी पुरण्यापेक्षा यात श्रम कमी पडतात. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, चार पायांवर उभे असलेले खुराडे त्याहूनही बरे. त्याच्या पायांना गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळली की उंदरालाही वर चढता येत नाही. पावसाळ्यात ओल लागत नाही आणि खालची विष्ठा झाडून घेता येते, हा वरचा लाभ.

दाराची कडी ही क्षुल्लक गोष्ट वाटते, तिच्यामुळेच अनेक कळप गेले आहेत. नुसती उचलायची कडी कुत्र्याच्या धक्क्याने निसटते. कडी, कोयंडा आणि त्यात अडकवलेला आकडा अशी दुहेरी सोय हवी. मात्र उत्तम कडी असूनही दार लावायला उशीर झाला तर सारे फुकट जाते. मुंगूस दिवसाचा प्राणी आहे, तो संध्याकाळी उन्हे उतरताना शेवटची फेरी मारतो. कोल्हा आणि रानमांजर तिन्हीसांजेला बाहेर पडतात. या दोन पाळ्यांमधील अर्धा-पाऊण तास सर्वांत धोक्याचा असतो आणि नेमके त्याच वेळी घरात स्वयंपाक, पाणी भरणे आणि मुलांचा अभ्यास चाललेला असतो. कोंबड्या अंधार पडू लागताच आपणहून खुराड्यात शिरतात. दिवसाचे शेवटचे दाणे खुराड्याच्या आतच टाकण्याची सवय लावली तर त्या दिवेलागणीआधीच गोळा होतात, मोजून घेता येतात आणि झाडावर बसून राहिलेली एखादी लक्षात येते. सकाळीही उजाडल्याबरोबर दार उघडण्याची घाई करू नये.

पिल्लांचे गणित निराळे आहे. परसातील कुक्कुटपालनाच्या केंद्रपुरस्कृत योजनेत लाभार्थ्यांना एक दिवसाची नव्हे, तर चार आठवडे सांभाळलेली पिल्ले दिली जात. उबेचा आणि लसीकरणाचा काळ सुरक्षित जागी जावा हा त्यामागील उद्देश. शिकाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर चार आठवड्यांचे पिल्लू घूस ओढून नेऊ शकणार नाही एवढे झालेले असते, पण घारीसाठी ते अजून हलकेच असते. पुढचा महिना-दीड महिना ते मोकळ्या मैदानावर सोडू नये. खुडूक कोंबडीखाली घरीच काढलेल्या पिल्लांना पहिले काही आठवडे डालग्याखाली झाकण्याची जुनी पद्धत आजही तितकीच कामाची आहे. डालग्यावर दगड ठेवायला मात्र विसरू नये.

आकाशातील शिकाऱ्यांना रोखण्यासाठी संपूर्ण परसावर जाळे अंथरण्याची गरज नसते. घार उघड्यावर झडप घालून त्याच वेगात वर उठते. तिच्या मार्गात वेली आणि फांद्या आल्या की ती सहसा धाडस करत नाही. छत्तीसगडच्या बाडीत दुधी, दोडका, वाल यांचे मांडव असतात. हेच मांडव पिल्लांचे छप्पर होऊ शकतात, फक्त ते खुराड्यापासून जवळ हवेत. तूर, एरंड, शेवगा यांची दाट ओळ परसाच्या मधून गेली, तर कोंबड्या त्या ओळीच्या आधाराने चरतात आणि कोंबड्याची शिटी ऐकू येताच दोन उड्यांत आडोशाला पोहोचतात. उजाड, झाडून लख्ख केलेले अंगण माणसाला आवडते, घारीलाही आवडते. जानेवारी ते एप्रिल या काळात घारींच्या घरट्यांत पिल्ले असतात आणि त्यांच्या फेऱ्या वाढतात. या दिवसांत अंडी उबवायला बसवायची असतील तर आडोशाची तयारी आधी झालेली असावी. मांस-मासळीचा कचरा उघड्यावर पडत असेल तर घारी, कावळे आणि कुत्री या तिघांनाही आपणच पत्ता दिल्यासारखे होते.

उपायांच्या बाजारात बरेच काही विकले जाते आणि त्यातले काही थोडे दिवस चालतेही. लुकलुकणारे सौर दिवे, रात्रभर चालू ठेवलेला रेडिओ, चमकत्या फिती, जुन्या सीडी यांनी प्राणी सुरुवातीला बिचकतात. त्यापासून इजा होत नाही हे कळले की त्याच दिव्याच्या उजेडात ते शिकार करतात. जागा आणि प्रकार सतत बदलत राहिले तर या वस्तूंचा उपयोग होतो, एरवी मनाच्या समाधानापुरता. गिनी कोंबड्या परका प्राणी दिसताच अख्खी गल्ली जागी करतात. पण शेजारी लागून घरे असलेल्या मोहन नगरसारख्या वस्तीत त्यांचा गोंगाट हाच नवा तंटा ठरू शकतो. कोंबड्यांबरोबर लहानपणापासून वाढवलेला पाळीव कुत्रा अधिक भरवशाचा असतो, अर्थात त्याने स्वतः कोंबडीची चव घेतलेली नसावी.

उरतो तो मारण्याचा मार्ग. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दात केवळ गोळी घालणे येत नाही. सापळा लावणे, फास टाकणे, विष घालणे, पकडणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सर्व त्यात येते. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड, अजगर यांना या कायद्याचे संरक्षण आहे. २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कायद्यातील परिशिष्टांची फेररचना झाली आणि उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र यादीच वगळली गेली. एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवण्याचा अधिकार आता केंद्र सरकारच्या अधिसूचनेपुरता आहे. कोंबडी गेली म्हणून घरमालकाला तो आपोआप मिळत नाही. मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक भरून ठेवण्याचा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण ती कोंबडी कोण खाईल यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. शेजाऱ्याचा कुत्रा, घुबड, मोर यांपैकी कोणीही बळी पडू शकतो. कुंपणात थेट वीज सोडणे हा तर माणसांच्या जिवाशी खेळ आहे आणि दरवर्षी त्यात माणसेही दगावतात. ठरावीक अंतराने क्षणभराचा झटका देणारे प्रमाणित झटका मशीन ही वेगळी वस्तू आहे आणि त्या दोघांची गल्लत होता कामा नये.

कायदा बाजूला ठेवला तरी मारण्याचा हिशेब जुळत नाही. राजस्थानातील सरिस्का येथे झालेल्या अभ्यासात रानमांजराच्या आहाराचा कणा उंदीरवर्गीय प्राणी असल्याचे दिसले आणि एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खात असल्याचा अंदाज काढण्यात आला. धानाच्या पट्ट्यात या संख्येचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मुंगूस आणि रानमांजर गेले की उंदीर व घूस वाढतात. मग तीच घूस पिल्ले नेते, दाण्याची पोती फोडते आणि तिच्या मागावर साप खुराड्यापर्यंत येतो. शिवाय मोकळी झालेली जागा फार काळ मोकळी राहत नाही. शेजारच्या टापूतील दुसरा प्राणी तिथे येतो आणि त्याला तेच उघडे खुराडे सापडते.

मोठ्या शिकाऱ्याची भीती महाराष्ट्रात अधिक बोलली जाते, विशेषतः बिबट्याची. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासण्यात आला. त्यांच्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव व वस्तीतील प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. तेथील बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्र्यांमुळे. खुराड्याभोवती उष्टे-खरकटे टाकून कुत्र्यांचा जमाव वाढवणे या दृष्टीनेही महागात पडते. बिबट्याचा वावर असलेल्या भागात खुराडे घराच्या भिंतीला लागून, उजेडात असावे. खडखडाट ऐकून रात्री एकट्याने बाहेर धावू नये. असा प्राणी अडकलेला दिसल्यास वन विभागाला कळवावे आणि तोवर लोकांची गर्दी होऊ देऊ नये.

हल्ल्यानंतरची सकाळही महत्त्वाची असते. जखमी कोंबड्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण रक्त दिसले की बाकीच्या त्यांना टोचतात. बारीक चाव्यांच्या जखमा पिसांखाली लपतात आणि दोन दिवसांत चिघळतात, म्हणून पिसे बाजूला सारून अंग तपासावे. दुर्गजवळील अंजोरा येथे राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ, दाऊ श्री वासुदेव चंद्राकर कामधेनू विश्वविद्यालय आहे. परिसरातील पालकांना पशुवैद्यकीय सल्ल्यासाठी तो जवळचा आधार आहे. मेलेले पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नयेत, चुना टाकून खोल पुरावेत. कोणत्याही जखमेविना एकाच वेळी अनेक पक्षी मेले असतील, तर तो शिकाऱ्याचा प्रश्न नाही, आजाराचा आहे. देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता आधी पशुसंवर्धन विभागाला खबर द्यावी. आणि ज्या भोकातून शिकारी आत आला, ते त्याच दिवशी, संध्याकाळ होण्याआधी बुजवावे, कारण एकदा यश मिळालेला प्राणी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्रीच त्याच वाटेने परत येतो.